सायप्रसखालचा गडगा

सिमेऑन जन्मला तेव्हा फोंफ्रेदच्या वाडीत पाच चुली पेटत होत्या. तो पासष्टीला आला तेव्हा एकच उरली होती, आणि तिच्यापुढे तो आणि त्याची थोरली बहीण लिदी अशी दोघंच बसत. दक्षिण फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगरात याचं कुणाला नवल नव्हतं. समोरच्या उतारावरच्या वाड्याही एकेक करून विझल्या होत्या. कुणी कोळशाच्या खाणीत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी नीम शहरात दुकानात.

त्या उतारावर सपाट जमीन देवाने कुणाला दिलीच नव्हती. ती माणसांनी केलेली. एकाखाली एक असे बेचाळीस टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला धरून ठेवणारा दगडी गडगा. चुना नाही, चिखल नाही, नुसता दगडावर दगड. ऑक्टोबरात समुद्राकडून पाऊस चढून यायचा आणि दोन-तीन दिवसांत वर्षाचं पाणी ओतून जायचा. मग कुठे ना कुठे गडगा सुटायचा, माती ओढ्यात जायची. पाऊस थांबला की ती माती टोपलीत भरून पाठीवरून पुन्हा वर आणायची. सिमेऑनच्या बापाने जन्मभर तेच केलं, सिमेऑनही तेच करत आला. चेस्टनटची झाडं त्या मातीवर उभी होती, आणि चेस्टनटवर माणसं. वाळवलेल्या चेस्टनटची पेज सकाळी, तीच संध्याकाळी. पुढे झाडांच्या मुळांना रोग लागला, बुंध्यातून काळं पाणी गळायला लागलं. अर्धी झाडं उभ्या उभ्या वाळली, उरलेली तोडून कातडी कमावण्याच्या कारखान्याला गेली.

घराच्या खाली तिसरा टप्पा होता. त्यावर सायप्रसची दोन उंच झाडं आणि चार थडगी. आमच्याकडच्या प्रोटेस्टंट लोकांत मेलेल्याला आपल्याच जमिनीत ठेवायची रीत. जुन्या कॅथलिक राजांनी यांच्या माणसांना दफनभूमीत जागा नाकारली तेव्हापासूनची. तिथे सिमेऑनचा आजा होता, बाप होता, आई होती आणि कडेला इर्मा.

इर्माशी त्याचं लग्न झालं एकोणीसशे पस्तीस साली. सदतीसच्या मार्चमध्ये ती बाळंतपणात गेली. बर्फ पडलं होतं, खालच्या गावातून सुईण चढून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मूल मुलगी होती. दोघींना एकाच पेटीत ठेवलं. पेटी सिमेऑननेच केली, खड्डाही त्यानेच खणला. पाद्रीबाबांनी स्तोत्र वाचलं तेव्हा तो म्हणे खड्ड्याकडे नाही, टप्प्याच्या कडेच्या गडग्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो गडगा वरचे दोन थर उतरवून पुन्हा रचला. 

त्याच सुमारास खालची रेशमाची गिरणी बंद पडली आणि लिदी घरी परतली. बाराव्या वर्षापासून उकळत्या पाण्यातल्या कोशांतून रेशमाची टोकं वेचून तिच्या बोटांच्या टोकांना कसलीच जाणीव उरली नव्हती. निखारा उचलायची हाताने. तिचं लग्न झालं नाही. "बोटांना कळत नाही, त्यात नवरा कुठला कळायचा," असं ती स्वतःच म्हणायची. लढाईत सिमेऑन पकडला गेला आणि पाच वर्षं जर्मनांच्या शेतात बटाटे काढत राहिला, त्या पाच वर्षांत इथला एकही दगड तिने पडू दिला नाही. परत आल्यावर तो आधी तिसऱ्या टप्प्यावर गेला. थडग्यांवरचं गवत काढलेलं होतं. "आभार मानायला तोंड आहे का जर्मनांनी ठेवून घेतलं?" लिदीने वरून विचारलं होतं.

अशी तीस वर्षं गेली. अकरा शेळ्या, थोडं चीज, थोडा कांदा.

त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये दुपारी कुत्रं भुंकायला लागलं म्हणून लिदी दारात आली. पाठीवर बोचकी घेतलेलं एक जोडपं वाट चढून येत होतं. मुलाला दाढी, मुलीच्या अंगात पुरुषी कोट.

"वाट चुकलात," लिदी म्हणाली. "रस्ता खाली राहिला."

"चुकलो नाही बाई," मुलगा धापा टाकत म्हणाला. "बघत बघत आलोय."

"काय बघत?"

"देश," मुलगी म्हणाली आणि हसली. "गेल्या वर्षापासून चालतोय. ब्रिटनी पाहिली, ऑव्हेर्न्य पाहिलं, पिरेनीजच्या पायथ्याला हिवाळा काढला. कुठे राहायचं ते ठरवतोय."

"इथे नका ठरवू. इथून लोक जातात."

मुलाचं नाव दिदिए, मुलीचं झोएल. पॅरिसची. तो शाळेत शिकवायचा, ती एका कचेरीत टाइप करायची. दोघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या. सिमेऑन शेळ्या घेऊन आला तेव्हा झोएल ओट्यावर बसून लिदीबरोबर शेंगा सोलत होती आणि दिदिए शेळ्यांच्या गोठ्याच्या गडग्यावरून हात फिरवत होता.

"हा कुणी बांधला?" त्याने विचारलं.

"आज्याने."

"आणि चुना न घालता उभा कसा?"

सिमेऑनला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. बापाने शिकवलं तेव्हा विचारायची सोय नव्हती, आणि पुढे शिकवायला कुणी नव्हतं.  तो खाली बसला आणि बोटाने दाखवायला लागला. लांब दगड डोंगराच्या दिशेने आत घालायचा, गडग्याच्या लांबीला नाही. पाठीमागे बारीक खडी भरायची, पाणी तिथून उतरतं. गडगा डोंगराकडे कलता ठेवायचा. जेवण थंड झालं तरी तो बोलत होता. लिदीने दोनदा हाक मारली आणि मग तीही ऐकत बसली.

वरच्या अंगाला सिमेऑन-लिदीच्या चुलत्याचं रिकामं घर होतं, अर्धं छप्पर गेलेलं. सिमेऑनने ते त्या जोडप्याला दिलं. "राहा," एवढंच म्हणाला.

रात्रीच्या भांड्यांना लिदीने त्याला सुनावलं. "काय बघून दिलंस? हात बघितलेस त्याचे? लोण्यात बुडवून आणलेत."

"होतील कडक."

"पहिल्या हिवाळ्यात पळतील."

"पळू देत."

पण ती पळाली नाहीत. पहिला हिवाळा निभावला, शेळ्यांची दुसरी वीणही काढली. सिमेऑन रोज सकाळी आपल्या शेळ्या सोडल्या की वर जायचा. छपराला दगडी पट्ट्या घातल्या, विहिरीच्या झऱ्याची वाट मोकळी केली, पडके टप्पे एकेक करून उचलले. दिदिएला तो आधी तुम्ही म्हणायचा, पहिल्या उन्हाळ्यातच तू म्हणायला लागला.

"खाली ठेवू नकोस तो," तो ओरडायचा. "एकदा उचललास ना, मग त्याला जागा शोध."

"बसतच नाहीये कुठे!"

"बसतो. तुला दिसत नाहीये. आण इकडे."

लिदी जेवण घेऊन वर यायची आणि कडेला उभी राहून बघायची. "बायकोला कधी एवढं कवटाळलंस का रे, त्या दगडाला धरलंयस तसं?" दिदिए लाजायचा, झोएल खो खो हसायची. लिदीला ती मुलगी आवडायला लागली होती हे तिच्या बोलण्यावरून नाही, डब्यावरून कळायचं. डब्यात चीजचा मोठा तुकडा तिच्या बाजूला असायचा. सिमेऑनला तर वाडीत दुसरा धूर दिसतो याचंच सुख होतं. सकाळी दार उघडलं की तो आधी वर बघायचा.

चौऱ्याहत्तरच्या वसंतात झोएलला दिवस गेले. सिमेऑनला ते लिदीने सांगितलं. त्या दिवसापासून त्याने झोएलला पाण्याची बादली उचलू दिली नाही.

त्याच वसंतात लिदी एकदा तिसऱ्या टप्प्यावरून वर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "खाली बघितलंस का? गडग्याला पोट आलंय."

"बघितलंय."

"सायप्रसच्या बरोब्बर खाली. हात घालून बघितला मी, आतली खडी बसलीय. पाणी कोंडतंय."

"माहीत आहे लिदी."

"मग?"

सिमेऑनने वरच्या घराकडे पाहिलं. झोएलच्या घराच्या मागे डोंगर होता, त्याला धरणारा जुना गडगा नावालाच उरला होता. मागच्या ऑक्टोबरात तिथून पाणी सरळ त्यांच्या झोपायच्या खोलीत आलं होतं. यंदा त्या खोलीत मूल असणार होतं. तो गडगा पायापासून उतरवायला हवा होता, दोन पुरुष उंच आणि बावीस पावलं लांब. उन्हाळा त्यातच जाणार. सहासष्टाव्या वर्षी एका उन्हाळ्यात दोन गडगे त्याच्याने होणार नव्हते, आणि दिदिएला अजून एकट्याने पाया लावता येत नव्हता.

"वरचा आधी," तो म्हणाला. "खालचा पुढच्या वर्षी. एक पाऊस काढेल तो."

"काढेल?"

"काढेल."

लिदीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "इर्मा आहे तिथे," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे तिथे कोण आहे."

वरचा गडगा त्याने रचला. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने केलं नव्हतं, असं तो स्वतः म्हणाला, आणि तो असं म्हणणारा माणूस नव्हता. पाया डोंगराच्या खडकात घातला. दर तिसऱ्या थराला हातभर आत जाणारा दगड. पाणी उतरायला खाली तीन तोंडं ठेवली. सप्टेंबरात शेवटचा थर बसला आणि नोव्हेंबरात खालच्या गावच्या दवाखान्यात झोएलला मुलगी झाली. त्या साली पाऊस बेताचा आला. खालचा गडगा टिकला. 

झोएलने एकदा लिदीला इर्माबद्दल विचारलं होतं, आणि पोटुशी असताना ती तिसऱ्या टप्प्यावर रानफुलं ठेवून आली होती. सिमेऑनने ते पाहिलं होतं. पोरीचं नाव काय ठेवतात याची तो वाट पाहत होता, हे लिदीशिवाय कुणाला कळलं नसतं. नाव ओरोर ठेवलं. "छान आहे," सिमेऑन म्हणाला, आणि पोरीच्या मुठीत आपलं बोट दिलं.

पंचाहत्तरच्या वसंतात तो तिसऱ्या टप्प्याचं काम काढणार होता. पण मार्चमध्ये त्याची कंबर धरली. दिदिए म्हणाला, मी करतो, तुम्ही नुसतं सांगा. दोन दिवस तो आलाही. मग पोरीला खोकला झाला. तो उतरेचना. दमट भिंती, चुलीचा धूर; डॉक्टर म्हणाला, हिला इथून हलवा. झोएल तिला घेऊन आईकडे पॅरिसला गेली, परत आली, पुन्हा गेली. दिदिएला खालच्या गावात काही दिवस करवतीच्या कामावर घेतलं होतं, ते संपलं. उन्हाळाभर वरच्या घरातून भांडणाचा आवाज येत राहिला. दगडाच्या घरात आवाज आतल्या आत राहत नाही. सिमेऑन कंबरेला फडकं बांधून खालच्या गडग्यापाशी जायचा, दोन दगड काढायचा आणि बसायचा.

सप्टेंबरच्या मध्याला ती तिघं निघाली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी उभी होती.

"हिवाळ्यापुरतंच," दिदिए म्हणाला. त्याला डोळे वर करता येत नव्हते. "मार्चला आलोच. मग खालचा गडगा आपण दोघं..."

"हो," सिमेऑन म्हणाला.

झोएलने लिदीला मिठी मारली. लिदीला मिठीची सवय नव्हती. ती हात लांब धरून उभी राहिली. मग म्हणाली, "पोरीच्या छातीला लोकर बांध. ते नायलॉनचं नको."

पंधरा दिवसांनी ब्रिटनीहून पोस्टकार्ड आलं. समुद्र, होड्या. इथली हवा ओरोरला मानवतेय, असं झोएलने लिहिलं होतं. लिदीने ते वाचून दाखवलं आणि फळीवर उभं केलं.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला पाऊस सुरू झाला. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या ओढ्याचा आवाज घरात यायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सिमेऑन शेळ्यांना चारा घालत होता. तेव्हा त्याला तो आवाज आला. तो फार मोठा नव्हता. गाडीतून दगड ओतावेत तसा. तो बाहेर आला. एक सायप्रस उभाच होता, पण तो होता तिथून दोन टप्पे खाली, सरळ उभा, आणि चालला होता. मग आडवा झाला आणि दिसेनासा झाला. दुसरा तर त्याने पाहिलाच नाही.

तिसरा टप्पा गेला, त्याने चौथा नेला, पाचवा नेला. ओढ्यापर्यंत एक पिवळी घसरण पडली, आणि तिच्यातून पाणी वाहत होतं.

सिमेऑन त्यात उतरला. लिदी कडेवरून हाका मारत होती, "अरे, सरकतंय अजून! सिमेऑन! माघारी ये!" तो कंबरेपर्यंत चिखलात गेला. हाताने उकरत होता. अखेर एकाहत्तर वर्षांची ती बाई बसत बसत खाली उतरली आणि त्याच्या कोटाला धरून राहिली. ओढण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. नुसती धरून राहिली.

पाऊस थांबल्यावर खालच्या गावातून माणसं आली. गावप्रमुख आले, पोलिस आले, पाद्रीबाबा आले. चार दिवस शोधलं. ओढ्याच्या वळणावर पेट्यांच्या फळ्या मिळाल्या, बरंच काही मिळालं. कुणाचं काय ते कोण सांगणार? सगळं एका पेटीत ठेवून गावच्या दफनभूमीत पुरलं. लहानग्यांचं मिळायची आशा नसते, असं पोलिसांतला एक जण हळू म्हणाला. सिमेऑनने ऐकलं.

परत आल्यावर तो वरच्या घराकडे गेला. घराच्या मागचा गडगा जागच्या जागी होता. तिन्ही तोंडांतून स्वच्छ पाणी पडत होतं. खोलीत जमीन कोरडी होती. कोपऱ्यात दिदिएने केलेला पाळणा ठेवलेला होता, तोही कोरडा.

तो घरी आला तेव्हा लिदी चुलीपाशी होती. आता ती बोलेल असं त्याला वाटलं. जन्मभर तिने एक गोष्ट सोडली नव्हती. तो उभाच राहिला. पण ती म्हणाली, "पेज घेतोस?"

"बोल ना," सिमेऑन म्हणाला. "तू सांगितलं होतंस."

"बस. थंड होईल."

त्यानंतर तिने त्याला कधीच टोमणा मारला नाही. घर फार शांत झालं. ती शांतता सिमेऑनला त्या पावसापेक्षा जड गेली. तिच्याशी भांडण काढायचा त्याने प्रयत्न केला. मुद्दाम दार उघडं टाकायचा, चिखलाचे बूट घरात आणायचा. ती उठून दार लावायची आणि जमीन पुसायची. सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत ती गेली, तापाने, आठ दिवसांत. तिलाही खालच्या गावात पुरावं लागलं. वाडीत आता जागाच नव्हती.

दोन वर्षांनी वाडीवरून जाणाऱ्या पायवाटेवर खुणेचे लाल-पांढरे पट्टे रंगवले गेले आणि उन्हाळ्यात माणसं यायला लागली. जुने टप्पे, जुनी घरं बघत डोंगरामागून डोंगर पालथे घालणारी. एकदा कॅमेरा घेऊन एक बाई आली. जुन्या बांधकामांची यादी करत होती. वरच्या घरामागच्या गडग्यापुढे ती अर्धा तास उभी राहिली.

"हा तर दोनशे वर्षांचा असेल," ती म्हणाली. "कुणी बांधला असेल, काही कल्पना?"

"नाही," सिमेऑन म्हणाला.

ऐंशीच्या ऑगस्टात एक निळी गाडी खाली थांबली आणि झोएल चढून आली. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. दिदिए नव्हता, ती दोघं वेगळी झाली होती. दर सुट्टीत ती मुलीला देशाचा एकेक कोपरा दाखवायची, यंदा म्हणे हिला हिचा जन्म कुठे झाला ते दाखवते. लिदी गेल्याचं ऐकून ती पायरीवर बसून रडली. सिमेऑनने तिला पाणी दिलं. मुलगी शेळीच्या मागे धावत होती. छाती चांगली भरली होती पोरीची.

"खाली फुलं ठेवून येऊ का आम्ही?" झोएलने विचारलं. "सायप्रसपाशी?" आणि ती कडेला गेली, आणि थांबली. तिथे नुसतं झुडूप माजलं होतं. "सिमेऑन, हे काय झालं?"

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"मीच हलवलं सगळं," तो म्हणाला. "गावात. माझं वय झालं, इथे कोण बघणार? मग झाडंही काढली."

"आणि गडगा?"

"दगड विकले."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खरं वाटलं की नाही देव जाणे. "आपण बांधणार होतो ना तो," ती म्हणाली. "दिदिए पुष्कळ दिवस बोलायचा. जाऊन हात लावायला हवा होता म्हणायचा."

"गरज पडली नाही," सिमेऑन म्हणाला.

ती तासभर थांबली. चीज बांधून द्यायला घरात नव्हतं, शेळ्या तीनच उरल्या होत्या. मुलीने जाताना त्याच्या गालाचे पापे घेतले, तिला शिकवलं होतं तसे, तीन. गाडी वळणाआड गेली.

त्या हिवाळ्यात शेळ्या देऊन टाकून तो खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात गेला. खोली कोरडी होती, गरम होती. तिथल्या बायका सांगतात, त्रास असा कधी दिला नाही. जेवायचा, अंथरूण स्वतः घालायचा. डोंगराकडची खिडकी मात्र उघडू द्यायचा नाही. पाऊस लागला की पलंगाच्या कडेला सरळ बसून राहायचा, थांबेपर्यंत. कुणी म्हणालं, झोपा आता, तर म्हणायचा, "एक पाऊस काढेल म्हणालो होतो मी." बायकांना वाटायचं, म्हातारा भ्रमला.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात तो वारला. प्रेताला खालच्या गावचे चौघंजण होतो आम्ही, आणि पाद्रीबाबा. दफनभूमीतली इर्माच्या त्या पेटीजवळची जागा तोवर दुसऱ्यांना गेली होती. त्याला भिंतीकडच्या नव्या रांगेत ठेवलं.